बेल कोणी वाजवायची?

"गरोदर बाईला बसायला जागा हवी असेल तर या शहरात तिला कोटावर बिल्ला लावावा लागतो," आमचे चिरंजीव म्हणाले. "यावरून काय ते ओळख, आत्या."

"काय ओळखू? बिल्ला दिसला की लोक उठतात. कितवा महिना, पहिलटकरीण का, बाळंतपण माहेरी की सासरी, असलं काही कोणी विचारत नाही. बसायला मिळतं आणि चौकशीही टळते. यात वाईट काय?"

लंडन हे माणूसघाणं शहर आहे की नाही, हा वाद गेल्या उन्हाळ्यात हॅरोला वन्संच्या स्वयंपाकघरात सुरू झाला आणि मी तिथे होते तोवर थांबला नाही. मी एकाची आई, दुसरीची भावजय, शिवाय निवृत्त होईपर्यंत कॉलेजात समाजशास्त्र शिकवलेलं. त्यामुळे दोघांनी मला पंच नेमलं आणि दोघांनीही माझं ऐकलं नाही.

वन्सं १९७४ साली पुण्याहून नर्स व्हायला तिकडे गेल्या. त्याआधी त्यांनी नवऱ्याचं घर सोडलं होतं आणि सदाशिव पेठेतल्या वाड्यात त्याची चर्चा नळावर, जिन्यात, हळदीकुंकवाला, सगळीकडे चाले. लंडनने तुम्हाला काय दिलं असं कोणी विचारलं तर आजही त्या पगार सांगत नाहीत की पेन्शन सांगत नाहीत. "मला तिथे कोणी काही विचारलं नाही," एवढंच सांगतात. चिरंजीव गेले ते कंपनीच्या व्हिसावर. वेम्बलीला स्टेडियमच्या आसपास जे भाड्याचे टॉवर उभे राहिलेत त्यातल्या एकात ते सतराव्या मजल्यावर राहतात आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतात. त्यांनाही तिथे कोणी काही विचारलेलं नाही, आणि त्यांचं दुखणं नेमकं तेच आहे.

"शेजारी कोण आहे रे तुझ्या?" मी विचारलं.

"माहीत नाही. मध्यंतरी त्याच्या दारापुढचं पायपुसणं बदललं, तेव्हा कळलं की माणूस बदलला."

"तू बेल वाजवलीस?"

"कशासाठी वाजवू? काय सांगू? साखर संपली म्हणून? साखर दहा मिनिटांत घरपोच येते, आई. खाली पार्सलची खोली आहे, जिम आहे, 'लाउंज' आहे. लाउंजमध्ये महिन्यातून एकदा पिझ्झा असतो. लोक येतात, दोन तुकडे डब्यात घालतात आणि वर जातात. लिफ्टमध्ये चौघं असलो तर चौघांच्या कानात ती पांढरी बोंडं."

वन्संना हसू आवरेना. त्यांनी २०१६ सालची एक गंमत सांगितली. ट्यूबमध्ये लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून एका अमेरिकन माणसाने 'गप्पा मारू या का' अशा अर्थाचे बिल्ले वाटायला घेतले. शहर हादरलं. दहशतवाद्यांनी हादरलं नसतं इतकं, असं वन्संचं म्हणणं. थोड्याच दिवसांत उलट बिल्ले निघाले: माझ्याशी बोलायचा विचारही मनात आणू नका.

"हे तू अभिमानाने सांगतेस?"

"अभिमानानेच. ट्यूबमध्ये समोरच्याचा गुडघा तुझ्या गुडघ्याला लागतो, बाजूच्याचा श्वास तुझ्या मानेवर येतो. इतकं जवळ बसायचं तर निदान डोळे तरी दुसरीकडे ठेवावेत की नाही? तो तुसडेपणा नाही, ती अदब आहे."

झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०३ साली बर्लिनकडे बघत जवळपास हेच लिहिलं आहे. महानगरात माणसांचा इतका मारा होतो की प्रत्येकाला मनापासून प्रतिसाद द्यायचा म्हटलं तर मनाच्या चिंध्या होतील. म्हणून शहरी माणूस अलिप्तता पांघरतो. मी हे सांगितल्यावर वन्सं खूश झाल्या. मग पुढचंही सांगितलं, की या अलिप्ततेच्या तळाशी नुसती बेफिकिरी नसते, थोडा तिटकाराही असतो असंही तोच म्हणतो. तेवढ्यात त्यांना कुकरची शिट्टी ऐकू आली. मला आली नाही.

चिरंजीवांकडेही दाखला तयार होता. लंडनची वस्ती २०२१ च्या जनगणनेत ८८ लाखांच्या घरात होती, आणि त्यात दर दहा माणसांमागे चार देशाबाहेर जन्मलेली. "इतकी सरमिसळ झाली की कोणाचा कोणावर भरवसा राहत नाही. हे मी नाही म्हणत, अभ्यास आहे."

अभ्यास आहे खरा. रॉबर्ट पुटनम या अमेरिकन प्राध्यापकाचा, २००७ सालचा. सुमारे ३० हजार अमेरिकनांच्या पाहणीवरून त्याने मांडलं की मिश्र वस्तीत माणसं परक्यांपासूनच नव्हे, स्वजातीयांपासूनही अंग चोरून राहतात. या निबंधाचा हवाला लोक फार आवडीने देतात. विशेषतः ज्यांना मुळातच मिश्र वस्ती नको असते ते. पण खुद्द लंडनच्या वस्त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात चित्र वेगळं निघालं. गरिबीचा परिणाम बाजूला काढला तर जिथे सरमिसळ जास्त तिथल्या लोकांना आपला शेजार उलट जास्त एकोप्याचा वाटत होता. एकोपा कमी होता तो गरिबी असलेल्या भागांत, आणि जिथे एकेक जमात आपापला कोपरा धरून वेगळी राहत होती तिथे.

"बघ," वन्सं म्हणाल्या. "माझ्या एका बाजूला युगांडाहून आलेलं गुजराती कुटुंब. इदी अमीनने १९७२ मध्ये हाकललं तेव्हा २८ हजारांच्या आसपास माणसं या देशात आली, त्यातलं हे एक. समोर आयरिश बाई, नव्वदीला टेकलेली. पलीकडे रोमानियाचं तरुण जोडपं, बांधकामावर जातात. माझा कचऱ्याचा डबा मंगळवारी रात्री तो मुलगा फुटपाथवर आणून ठेवतो. मी त्याला कधी सांगितलं नाही, त्याने मला कधी सांगितलं नाही."

"त्याचं नाव काय?"

वन्संनी नाव सांगितलं. मग आडनाव सांगायला गेल्या आणि अडल्या.

"बघ!" आता चिरंजीव.

परक्यांचं राहू द्या, आपल्या माणसांचं काय, असं मी विचारलं. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे; वन्सं दर गणपतीत तिथे जातात आणि अळूच्या भाजीबद्दल मत देऊन येतात. चिरंजीवांचा अनुभव दुसऱ्या कुठल्याशा दिवाळी कार्यक्रमाचा. कोणीतरी हॉल घेऊन केलेला.

"गेल्या गेल्या आडनाव विचारलं. मग मूळ गाव. मग म्हणजे तुम्ही अमके का, असं हळूच. मग कंपनी कुठली, आणि व्हिसा अजून किती वर्षं. एवढं झाल्यावर ते आपल्या टेबलाकडे गेले. टेबलं आधीच भरलेली होती, प्रत्येक टेबलाचा आपापला व्हॉट्सॲप ग्रुप. चकली छान होती. मी उभ्याने खाल्ली."

"आणि तुला तेच हवंय!" वन्सं उसळल्या. "मघापासून रडतोयस की कोणी विचारत नाही. तिथे विचारलं ना? मी तर पहिली कितीतरी वर्षं मराठी समारंभांना फिरकलेच नाही. 'मिस्टर काय करतात' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं, हे मला ठरवताच येईना."

"चौकशी नकोय गं मला. सोबत हवी आहे. फरक आहे."

"फरक तुला वाटतो. सोबत कधी एकटी येत नाही बाबा, चौकशीला बरोबर घेऊनच येते."

हे त्या तावातावाने बोलल्या आणि मला वाटलं की वाद इथेच त्यांच्या बाजूने लागला. पण पुढे त्यांनी जे सांगितलं त्याने त्यांचीच बाजू डळमळली. मी आपलं सहज विचारलं, सुरुवातीला राहायची सोय कशी झाली? त्या गेल्या त्याच्या सहाच वर्षं आधी, १९६८ मध्ये, वर्ण बघून घर नाकारणं या देशात कायद्याने बंद झालं होतं. त्यापूर्वी घरमालक खिडकीत पाट्याच लावत. कायदा आल्यावर पाट्या गेल्या. पण फोनवर 'खोली आहे' म्हणणारा दारात चेहरा बघून 'आत्ताच गेली हो' म्हणायचा. (पुण्या-मुंबईत 'फक्त शाकाहारी', 'बॅचलर नको' असं बिनदिक्कत सांगणाऱ्या आपल्या सोसायट्यांबद्दल चिरंजीवांना बोलायचं होतं. मी विषय वाढू दिला नाही, कारण आमच्याच सोसायटीची गेल्या सभेची टिपणं त्यांनी वाचली आहेत.)

"मग काय, नर्सिंग होस्टेल. एका मजल्यावर वीस मुली आणि न्हाणीघरं तीन. बार्बाडोसची एक, मलेशियाच्या दोघी, आयर्लंडच्या तर ढीगभर, केरळची एक. गरम पाणी सकाळी सातला संपायचं. रात्रपाळी करून आलेली आणि दिवसपाळीला निघालेली यांची दारातच जुंपायची. बार्बाडोसवालीने एकदा माझा टॉवेल खिडकीबाहेर भिरकावला. तिच्या मुलीच्या लग्नात मी नऊवारी नेसून गेले होते."

"म्हणजे तुझी मैत्री गरम पाण्यामुळे झाली."

"भांडणामुळे झाली."

"तेच ते. आत्या, तुला सोबत फुकटात मिळाली. रांगेत उभी होतीस म्हणून मिळाली. माझ्याकडे माणूस एक आणि न्हाणीघरं दोन. गरम पाणी चोवीस तास. मी कोणाशी भांडू?"

वन्सं गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत, पण यावर त्यांनी फक्त भाजी ढवळली.

मुद्दा मला पटला. आपण शहराच्या स्वभावाबद्दल बोलतो, लंडनकर थंड, मुंबईकर उबदार, पुणेकर जाऊ द्या. खरं तर माणसं जवळ येतात ती बऱ्याचदा नाइलाजाने: सामाईक नळ, सामाईक जिना, रोज तीच गाडी, रोज तोच डबा. हातात पैसा आला की माणूस आधी हा नाइलाज विकत घेऊन टाकतो, आणि त्यात चूक काहीच नाही. तीन न्हाणीघरांत वीस जणी हे काही सुख नव्हे. वेम्बलीचा टॉवर म्हणजे हा नाइलाज पुरता काढून टाकलेली इमारत आहे. दुसरी गोष्ट मुदतीची. वन्सं त्या घरात केस काळे असल्यापासून आहेत. टॉवरमध्ये जो तो वर्षभराच्या हिशेबाने येतो, भाडं वाढलं की पुढच्या स्टेशनला सरकतो. डबा न सांगता बाहेर काढून ठेवणारा शेजारी व्हायला वर्षं लागतात, आणि ती एकाच दारात काढावी लागतात.

"मग सरकारने काय केलं माहितीय?" चिरंजीव सांगू लागले. "मंत्री नेमला. एकाकीपणाचा मंत्री."

हे खरं आहे. जो कॉक्स या खासदार बाईंनी हा विषय हाती घेतला होता; जून २०१६ मध्ये त्यांचा भर रस्त्यात खून झाला. त्यांच्या नावाने आयोग बसला आणि जानेवारी २०१८ मध्ये ट्रेसी क्राउच यांच्याकडे हे काम सोपवलं गेलं. त्यांच्याकडे क्रीडाखातं आधीपासून होतंच. आता तर डॉक्टरांच्या दवाखान्यांत अशी माणसं नेमली आहेत की एकट्या पडलेल्या पेशंटला गोळ्यांऐवजी एखाद्या मंडळात धाडायचं: चालायला जाणारे, विणकाम करणारे, बाग करणारे.

"जा की मग बागेत," वन्सं म्हणाल्या.

"मी एकतीस वर्षांचा आहे. त्या बागेत मी गेलो तर लोक मला मदतनीस समजतील."

वूड ग्रीनचा विषय त्यांनीच काढला, आणि तो काढल्यावर थट्टा थांबली. उत्तर लंडनमध्ये, गजबजलेल्या शॉपिंग सेंटरच्या वरच्या एका छोट्या घरात, जानेवारी २००६ मध्ये अडतीस वर्षांच्या एका बाईचा सांगाडा सापडला. ती गेली होती डिसेंबर २००३ च्या सुमाराला. टीव्ही चालूच होता. नाताळच्या भेटवस्तू कागदात बांधून शेजारी ठेवलेल्या. भाड्याचा मोठा भाग सरकारी मदतीतून परस्पर जात होता, म्हणून दोन वर्षं कोणी दार ठोठावलं नाही. ठोठावलं तेव्हा ते थकबाकीसाठी.

"आता हिला काय म्हणशील? अदब?"

"ती परदेशी नव्हती," वन्सं म्हणाल्या. "लंडनमध्येच जन्मलेली. नोकऱ्या केलेल्या, मैत्रिणी असलेल्या. तेव्हा तुझी ती सरमिसळ इथे आणू नकोस."

"नाही आणत. पण कोणी विचारलं नाही, हे तर खरं?"

"ते घर कुठलं होतं ठाऊक आहे तुला? घरात मारहाण सोसलेल्या बायकांसाठी दिलेलं होतं ते. अशा बाईला माग काढणारे नकोच असतात. लपायला जागा लागते माणसाला. मला लागली होती." आणि थोडं थांबून, आवाज न चढवता: "पण म्हणून दोन वर्षं? नाही. ते चुकलंच."

वन्संनी या चुकीवर स्वतःपुरता तोडगा काढून ठेवला आहे, तो मी त्या घरात रोज बघत होते. समोरच्या आयरिश बाईच्या बैठकीच्या खोलीला मोतिया रंगाचा पडदा आहे. तो सकाळी नऊच्या आत सरकला पाहिजे. वन्संचा पडदाही. नऊपर्यंत नाही सरकला तर समोरचीने फोन करायचा, फोन नाही उचलला तर बेल, बेल नाही ऐकली तर किल्ली. एकमेकींच्या किल्ल्या दोघींकडे आहेत. वन्संनी ती मसाल्याच्या डब्यांमागे खिळ्याला अडकवली आहे. सुट्टीवर जाताना आधी सांगायचं. एकदा वन्सं सांगायला विसरल्या तर त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईने काठी टेकत रस्ता ओलांडला, कुलूप उघडलं, तिन्ही खोल्या बघितल्या आणि टेबलावर चार खरमरीत ओळी लिहून ठेवल्या.

"चहाला किती वेळा जाता एकमेकींकडे?" मी विचारलं.

"नाताळला. आणि तिच्या नवऱ्याच्या तिथीला, म्हणजे त्यांची काय ती. तशी आमची मैत्री नाही. तिला माझा घटस्फोट ठाऊक नाही, मला तिच्या मुलाचं काय बिनसलंय ते ठाऊक नाही. पडदा ठाऊक आहे."

मला ही व्यवस्था फार आवडली, आणि मी तसं बोलून दाखवलं. विचारपूस नाही, पण लक्ष आहे. चिरंजीवांना नाही आवडली.

"आई, माझं प्रेत वेळेवर सापडावं ही माझी अडचण नाहीये. शनिवारी संध्याकाळी जेवायला समोर कोणीतरी असावं, ही आहे. पडद्याकडे बघून जेवू का?"

वन्संकडे याचं उत्तर नव्हतं, म्हणून त्या ग्रेनफेलवर गेल्या. १४ जून २०१७, मध्यरात्रीनंतर. पश्चिम लंडनमधला तो टॉवर पेटला आणि ७२ माणसं गेली. रमजान होता, जागी असलेली माणसं शेजारच्यांची दारं बडवत फिरली. पहाटेच्या आत आसपासच्या मशिदी, चर्चेस, गुरुद्वाऱ्यातली माणसं कपडे-पाणी घेऊन हजर. "मोरोक्कोचे, इथिओपियाचे, इटलीचे, इंग्लिश, सगळे एका इमारतीत. आणि एकमेकांना ओळखत होते! इमारत धोक्याची आहे म्हणून किती वर्षं एकत्र ओरडत होते. बहिरं होतं ते कौन्सिल. शेजारी नाही."

"म्हणजे शेजारी ओळखीचे व्हायला आधी कौन्सिलशी भांडण हवं. किंवा गरम पाण्याची टंचाई."

"हवंच. माझ्या मते हवंच. तुझ्या टॉवरमध्ये भाडं वाढवलं तेव्हा किती जणांनी मिळून पत्र लिहिलं?"

"ज्याने त्याने आपापलं ॲपवर लिहिलं."

"मग बसा."

इथे मी पहिल्यांदा चिरंजीवांच्या बाजूने बोलले. भाडं वाढलं की ज्याला पुढच्या वर्षी तिथे असू की नसू हेच ठाऊक नाही, त्याने कोणाला जमवायचं आणि कशासाठी? होस्टेलमधल्या वीस मुलींना तीन वर्षं तिथेच काढायची होती. भांडून झाल्यावर पुन्हा उद्या सकाळी सातला त्याच दारात भेट ठरलेली. भांडायलासुद्धा माणूस उद्या इथेच असावा लागतो. वन्सं म्हणाल्या, हे बरोबर आहे, पण निदान पायपुसणं बदललं तेव्हा तरी बेल वाजवायची. चिरंजीव म्हणाले, नव्याने आधी की जुन्याने? यावर दोघांची पुन्हा जुंपली. पुण्यात जुना बिऱ्हाडकरू आधी डोकावतो, कारण त्याला राहवतच नाही. लंडनमध्ये म्हणे नव्याने कार्ड टाकावं. दोघेही वाट बघत राहतात आणि करार संपतो.

चिरंजीवांचा करार पुढच्या महिन्यात संपणार होता, हे त्या ओघात कळलं. भाडं पुन्हा वाढलं होतं. नवीन जागा बघायला सुरुवात केली होती, आणखी दोन स्टेशनं पुढे.

"वरची खोली रिकामी आहे माझी," वन्सं म्हणाल्या.

"नको. तू विचारशील कुठे निघालास, कधी येणार, जेवलास का, ती कोण होती."

"विचारणारच. इतकी वर्षं मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला विचारलं नाही. किती साठलं असेल!"

"मग मी भाडं देतो. रीतसर. भाडेकरूला विचारता येत नाही."

"आठशे पौंड," वन्सं क्षणभरही न थांबता म्हणाल्या. "आणि विचारायचं नसेल तर नऊशे."